सायकल ट्रॅकला केटी!

आधीच सांगून टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत मी फक्त भांडते, लिहीत नाही! पण मराठी विभागाची संपादिका माझीच रूममेट निघाली आणि तिने मेसच्या रांगेत धरून "लेख दे, नाहीतर सबमिशनच्या फाईली परत कर" अशी धमकी दिली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात ही नम्र विनंती.

तर गोष्ट दिवाळीच्या सुट्टीतली. मी मेहकरला घरी गेले होते. (मेहकर म्हणजे बुलडाणा जिल्हा, पैनगंगेकाठचं गाव, शारंगधर बालाजीचं मंदिर, आणि लोणार सरोवर सुमारे २५ किलोमीटरवर. हॉस्टेलवर हे दर सेमिस्टरला नव्याने सांगावं लागतं.) बघते तर माझी जुनी सायकल ओसरीत कुलूप लावून उभी, टायरमधली हवा गेलेली. ही सायकल मी बहिणीसाठी ठेवून आले होते. ती आता आठवीत आहे. शाळा तीच, अंतर तेच, दोन किलोमीटरच्या आतलं. मी दहावीपर्यंत रोज सायकलने गेले. तिला मात्र ऑटो लावलाय.

"का गं, चालवत नाहीस?" मी विचारलं. ती काही बोलायच्या आत आजीच म्हणाली, "त्या रोडवर सायकल कायले नेतं वं? मोठ्या गाड्या कशा सुटतात, पाह्यलं नाही का तुनं?"

आता मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला. रस्त्याबद्दल घरात कुणी काही म्हटलं की मला उत्तर देता यायला पाहिजे, नाहीतर फी फुकट! पण त्या वेळी उत्तर आलं नाही. पुण्याला परत आल्यावर शोधायला बसले, त्यातून हा लेख झाला.

सायकलींच्या शहरात

पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणायचे, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. नंतर दुचाकी आल्या आणि सायकली माळ्यावर गेल्या. २००६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण आणलं. त्यात भर गाड्यांपेक्षा माणसांच्या जाण्यायेण्यावर होता. त्याच सुमारास पुण्यात बीआरटी सुरू झाली आणि त्या रस्त्यांच्या कडेने सायकल ट्रॅकही आले. डिसेंबर २०१७ मधे महापालिकेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरहून जास्त लांबीचं जाळं होतं. भाड्याच्या ॲपवाल्या सायकलीही तेव्हाच आल्या आणि थोड्याच वर्षांत बहुतेक दिसेनाशा झाल्या.

म्हणजे धोरण आहे, आराखडा आहे, पैसाही खर्च झालाय. तरी ट्रॅकवर सायकली कमी आणि पार्किंग जास्त, असं का? "लोकांनाच सायकल नको" हे उत्तर सगळ्यात सोपं. पण तसं म्हणायच्या आधी ट्रॅक एकदा चालवून बघायला हवा की नाही?

म्हणून आम्ही तिघी एका रविवारी सकाळी एका ट्रॅकवर गेलो. रस्त्याचं नाव सांगत नाही, कारण ते नाव काढून तिथे दुसऱ्या दहा रस्त्यांची नावं घातली तरी हा परिच्छेद तसाच राहील. एका किलोमीटरमधे आम्हाला आठ वेळा पाय टेकावा लागला. कुठे मधोमध झाड, कुठे विजेचा डबा, कुठे बसस्टॉप थेट ट्रॅकवर, कुठे नारळाची गाडी. दुचाकी घुसू नये म्हणून लोखंडी खांब लावले होते, पण दुचाकीचं हँडल सायकलच्या हँडलपेक्षा असं किती रुंद असतं? त्यामुळे एक तर दोघी आत जातात नाहीतर दोघी बाहेर राहतात. आणि चौक आला की ट्रॅक गायबच! जिथे बस डावीकडे वळते, रिक्षा आडवी येते, जिथे खरी भीती वाटते, तिथेच रंग संपतो. चौकापलीकडे पुन्हा छान लाल पट्टा.

थोडं गणित (घाबरू नका, व्हायवा नाही)

मी आणि सायकल मिळून वजन ७० किलो धरा, वेग ताशी १५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ४.२ मीटर. गतिज ऊर्जा झाली साधारण ६०० जूल. ब्रेक मारला की हे सगळे ६०० जूल ब्रेकच्या रबरात जातात आणि पुन्हा निघताना ते आपल्याच पायांतून काढावे लागतात.

आता सपाट रस्त्यावर या वेगाने जाताना टायरचं घर्षण आणि वाऱ्याचा विरोध मिळून १२-१३ न्यूटन धरला, तर ६०० जूलमधे जवळजवळ ५० मीटर जाता येतं. म्हणजे एकदा थांबणं बरोबर ५० मीटर जास्तीची सायकल! आमचे आठ थांबे म्हणजे ४०० मीटर. कागदावर एक किलोमीटर असलेला ट्रॅक पायांना १.४ किलोमीटरचा पडला. शेजारच्या डांबरी रस्त्यावर मात्र एकदाही थांबावं लागलं नसतं. मग ट्रॅक सोडून रस्त्यावर जाणाऱ्या सायकलवाल्याला बेशिस्त म्हणायचं का? त्याच्या पायांनी हे गणित कधीच सोडवलेलं असतं.

दुसरं गणित उताराचं. ट्रॅक पदपथाच्या उंचीवर असेल तर प्रत्येक गेटपाशी आणि गल्लीपाशी उतरून चढावं लागतं. कडेचा दगड १५ सेंटीमीटर उंच धरा. १ ला २० असा सुसह्य उतार द्यायचा तर ३ मीटर लांबी लागते. आम्हाला दिसले ते उतार दीड फुटात संपवलेले, म्हणजे १ ला ३! तिथून दप्तर लावलेली सायकल चढवून बघा.

पाच पेपर

हॉलंडमधे, म्हणजे नेदरलँड्समधे, सायकलचे रस्ते पाच कसोट्यांवर तपासतात. रस्ता सलग आहे का? सरळ नेतो का, की उगाच वळसा घालतो? सुरक्षित आहे का? चालवायला आरामाचा आहे का? आणि त्यावरून जावंसं वाटतं का?

आपल्या भाषेत सांगायचं तर हे पाच पेपर आहेत आणि प्रत्येकात वेगळं पास व्हावं लागतं. आपल्याकडे ट्रॅकचा निकाल लावतात तो नुसत्या लांबीवर. इतके किलोमीटर झाले, झालं! हे म्हणजे चार विषयांत डिस्टिंक्शन आहे म्हणून मॅथ्स थ्रीचे नापास मार्क विसरून जा, असं युनिव्हर्सिटीला सांगण्यासारखं आहे. युनिव्हर्सिटी ऐकत नाही, हे आपल्यातल्या कितीजणांना अनुभवाने माहीत आहे! ९५० मीटर उत्तम आणि चौकातले ५० मीटर जीवघेणे असतील, तर आई मुलीला सायकल देताना त्या ५० मीटरकडेच बघणार. बाकीच्या ९५० चा तिला काय उपयोग?

आणि "हॉलंडचं वेगळं, तिथे आधीपासूनच सायकली" असंही कुणी म्हणू नये. १९७१ साली त्या छोट्याशा देशात रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. तेव्हा तिथेही गाड्यांसाठी सायकलींना बाजूला सारणं चालू होतं. आईबाप रस्त्यावर उतरले, १९७३ मधे तेलाचे भाव भडकले, तेव्हा कुठे देशाने रस्ते बदलायला घेतले.

आपलं पुस्तक काय म्हणतं?

आपल्याकडे नियमच नाहीत, असं मला वाटायचं. तसं नाहीये. रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस १९३४ साली स्थापन झाली, तीही जयकर समितीच्या शिफारशीवरून. हे जयकर म्हणजे मु. रा. जयकर, पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, ज्यांच्या नावाच्या ग्रंथालयात आपण परीक्षेच्या आधी झोपायला जातो. या संस्थेने सायकल ट्रॅकचं मानक १९६२ सालीच काढलं, आणि २०१५ मधे ते सुधारलं. १९६२ च्या पुस्तकात ट्रॅकची रुंदी किमान २ मीटर सांगितलीय. किती चढ किती लांब चालेल तेही दिलंय. १ ला ३० चढ असेल तर ९० मीटरपर्यंत, १ ला २० असेल तर जेमतेम २० मीटर. म्हणजे पाय दुखतात हे इंजिनिअर लोकांना साठ वर्षांपूर्वी ठाऊक होतं!

त्यात आणखी एक नियम आहे. रस्त्यावर तासाला २०० पेक्षा जास्त मोटारगाड्या असतील, तर तासाला १०० सायकली असल्या तरी वेगळा ट्रॅक योग्य ठरतो. हे वाचून मी खूश झाले आणि बाबांना फोन केला की शाळा सुटताना उभे राहून सायकली मोजा. बाबा खरोखर उभे राहिले. संध्याकाळी म्हणाले, "शंभर काही भरत नाहीत गं." मी गप्प. मग मागून आईचा आवाज आला, "अन् घरात कुलूप लावून ठेवलेल्या सायकली कोण मोजंल?"

मला वाटतं अख्ख्या लेखातलं सगळ्यात हुशार वाक्य आईचं आहे. हॉस्टेलची रीडिंग रूम आठला बंद करायची आणि नऊला जाऊन बघायचं की कुणी वाचतंय का, त्यातलाच हा प्रकार. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती आणि स्कूटर-मोटारसायकल २१ टक्के घरांत. सायकली होत्याच. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकल मिळते. योजना चांगलीच आहे, तिच्यामुळे कितीतरी मुलींची शाळा टिकली असेल. पण सायकल देणारं खातं वेगळं आणि रस्ता करणारं वेगळं. मुलगी मात्र एकच, तिला दोन्ही एकाच वेळी लागतात.

मेहकरला ट्रॅक हवा का?

खरं सांगू? लाल रंगाचा ट्रॅक मेहकरला नकोच आहे. २०११ साली गावाची वस्ती साधारण ४५ हजार. शाळा, बाजार, बसस्टँड, सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत. सायकलसाठी याहून सोयीचं गाव कुठलं असणार!

मोठे रस्ते करता येत नाहीत असंही नाही. मेहकरजवळूनच समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि जून २०२५ मधे मुंबईकडचा शेवटचा टप्पा होऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. ताशी १५० किलोमीटर वेग धरून त्याचं डिझाईन केलंय. सायकलला काय, दुचाकीलाही तिथे बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पण त्या रस्त्याच्या प्रत्येक वळणाचा आणि उताराचा जसा विचार झाला, त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढा विचार शाळेच्या रस्त्याचा झाला तरी पुरे.

छोट्या गावाला मला चार गोष्टी सुचतात. एक, साईडपट्टी डांबराच्या पातळीत भरून घेणं. रस्त्यावर थरावर थर चढतात आणि कडेला चार बोटांची पायरी तयार होते. ट्रक मागून आला की सायकल खाली उतरते, पण वर चढताना चाक घसरतं आणि मूल रस्त्याच्या बाजूला पडतं. दोन, शाळेपाशी वेग ३० वर आणणारे नीट उताराचे गतिरोधक. वेग ६० चा ३० झाला की धडकेतली ऊर्जा चौथ्या हिश्शावर येते, हे अकरावीच्या फिजिक्समधलंच आहे. तीन, गटाराच्या जाळ्या आडव्या बसवणं. उभ्या पट्ट्यांत सायकलचं चाक सरळ अडकतं. चार, गावातल्या आतल्या गल्ल्या एकमेकींना जोडून शाळेपर्यंतचा एक सलग, शांत मार्ग. यातलं एकही काम कोट्यवधींचं नाही.

चौथी गोष्ट आम्ही घरच्या घरी करून पाहिली. ख्रिसमसच्या सुट्टीत मी आणि बहीण दोन दिवस गल्ल्या फिरलो. एक रस्ता सापडला. मोठ्या रस्त्यापेक्षा चारशे मीटर लांब, पण ट्रक नाहीत, सावली आहे, आणि ओळखीच्या तीन काकू दारात बसलेल्या असतात. फक्त एका जागी मोठा रस्ता ओलांडावा लागतो. बाकी चार पेपर सुटले, या एकाच पेपरात केटी! तिथे तिने उतरून, सायकल हातात धरून, दोन्हीकडे बघून ओलांडायचं असं ठरलं. आजीने दोन दिवस विचार केला, मग म्हणाली, "पह्यल्या दिवशी तुया बाप जाईन मांगून." बाबा खरंच गेले, मोटारसायकलवरून, ताशी दहाच्या वेगाने. बहीण तीन दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती.

आता ती सायकलने जाते. ऑटो बंद झाला. पण तो ओलांडायचा चौक तसाच आहे, आणि तिथे रोज सकाळी घड्याळाकडे बघत आई थांबते, हेही तसंच आहे. तिथल्या गतिरोधकासाठी बाबांनी अर्ज दिलाय. अर्जाला जोडलेला नकाशा मी काढलाय, सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला शिकवतात तस्सा. (सर, हा लेख वाचत असाल तर टर्मवर्कचे मार्क देताना कृपया लक्षात ठेवा!)

तुम्हालाही हे करता येईल. सुट्टीत घरी गेलात की एक टेप घ्या, आपल्या जुन्या शाळेचा रस्ता एकदा सायकलने जा, आणि किती वेळा पाय टेकला ते मोजा. जिथे टेकला त्या जागा कागदावर लिहा. बाकी गणित वर दिलंच आहे, एका थांब्याचे ५० मीटर.