परक्याची ठेव : संगणकाच्या दुकानाचा विमा

इ. स. २०१९ च्या सप्टेंबर महिन्याच्या २५ तारखेस रात्रीं पुण्यांत जो पाऊस झाला, त्याचें स्मरण आंबील ओढ्याच्या कांठच्या मंडळींस यावज्जीव राहील. एरवीं ज्या ओढ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं, त्यानें त्या रात्रीं भिंती पाडल्या, वाहनें वाहून नेलीं व कित्येकांचे प्राणही घेतले. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें संगणक विकण्याचें व दुरुस्त करण्याचें लहानसें दुकान त्याच भागांत आहे. तेथें पाणी कमरेपर्यंत चढलें. तिसऱ्या दिवशीं आम्ही समाचारास गेलों, तेव्हां तो, त्याचे वडील बंधु व दोघे नोकर चिखल उपसून बाहेर टाकीत होते. आणि भिंतीशीं लोखंडी मांडणीवर चिखलानें माखलेले सव्वीस लॅपटॉप ओळीनें लावून ठेविले होते. प्रत्येकास दोऱ्यानें एक चिठ्ठी बांधलेली होती. शाई विरघळून बहुतेक चिठ्ठ्या कोऱ्या झाल्या होत्या.

"सर, विमा आहे," असें तो म्हणाला, आणि आम्हांस हायसें वाटलें.

पुढें आठवड्यानें विमा कंपनीनें नेमिलेले सर्व्हेअर आले. गृहस्थ मोठे सौजन्यशील. घाई नाहीं, अरेरावी नाहीं. नव्या मालाचीं भिजलेलीं खोकीं त्यांनीं मोजलीं, खरेदीचीं बिलें पाहिलीं, आणि मग ते त्या मांडणीपाशीं आले. "हा माल कोणाचा?" "गिऱ्हाइकांचा. दुरुस्तीस आलेला." त्यांनीं पॉलिसीचा कागद पुन्हां उलगडला. त्यांत 'संगणक, सुटे भाग व तत्संबंधीं व्यापारी माल' इतकेंच शब्द होते. "हा यांत बसत नाहीं," असें म्हणून त्यांनीं पेन खिशांत ठेविलें.

संगणकाचें दुकान हें एकाच वेळीं दोन प्रकारचें दुकान असतें, ही गोष्ट त्या दिवसापर्यंत आमच्या ध्यानांत आली नव्हती. पुढच्या बाजूस तें वाण्याच्या दुकानासारखें आहे. जो माल दिसतो तो दुकानदाराचा. मागल्या बाजूस, जेथें स्क्रूड्रायव्हर व सोल्डरिंगचें यंत्र घेऊन कारागीर बसतो, तेथें तें सोनाराच्या किंवा शिंप्याच्या दुकानासारखें आहे. तेथला बहुतेक माल परक्याचा. दुकानदार विमा उतरितांना पुढल्या बाजूचा विचार करितो. मागली बाजू त्याच्या हिशेबाच्या वहींतच नसते, मग ती पॉलिसींत कोठून येणार?

या मागल्या बाजूस आपल्या धर्मशास्त्रकारांनीं फार पूर्वीं नांव देऊन ठेविलें आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत जीं अठरा व्यवहारपदें सांगितलीं आहेत, त्यांत ऋणादानाच्या खालोखाल निक्षेपाचें स्थान आहे. ठेव चोरांनीं नेली, पाण्यानें वाहून गेली अथवा अग्नींत जळाली, तर ज्याच्याकडे ती होती त्यानें भरून देण्याचें कारण नाहीं, मात्र त्यानें तींतून स्वतः कांहीं उचललेलें नसावें, असा मनूचा निर्णय आहे. नारदानें हाच विधि कारागिराच्या हातीं दिलेल्या वस्तूसही लागू केला आहे. म्हणजे दुरुस्तीस दिलेलें यंत्र हा निक्षेपच.

आणि नवल असें कीं, १८७२ चा भारतीय करार कायदा इंग्रजांनीं आपल्या विचारानें केला असतांही तो याच ठिकाणीं येऊन पोंचतो. त्याच्या १४८ व्या कलमापासून निक्षेपाचें प्रकरण सुरू होतें. सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो, तेवढी ठेवीची घ्यावी, असें १५१ वें कलम सांगतें. आणि तेवढी घेतली असतां, वेगळा करार नसल्यास, वस्तु नष्ट झाली तरी तो जबाबदार नाहीं, असें १५२ वें. याज्ञवल्क्य आणखी एक बारकावा सांगतो : धन्यानें मागितली असतांही दिली नाहीं, आणि मग ती नष्ट झाली, तर मात्र भरून द्यावी लागेल, वर दंडही. करार कायद्याच्या १६१ व्या कलमांतही, दंडाचा भाग सोडला तर, हेंच आहे. 'उद्यां या, परवां या' असें सांगून जे दुकानदार महिना महिना यंत्र अडकवून ठेवितात, त्यांनीं हें कलम भिंतीवर लावून ठेवावें अशी आमची सूचना आहे!

तेव्हां आमच्या विद्यार्थ्यावर कायद्याचें बंधन नव्हतें. त्यानें दार नीट लावलें होतें, माल जमिनीपासून हातभर उंच ठेविला होता; ओढा दुकानांत येईल हें त्यास कोठून कळावें? परंतु गिऱ्हाईक करार कायदा वाचून येत नाहीं. एका मुलीचा प्रबंध त्या यंत्रांत होता. एका वृद्ध गृहस्थांच्या दिवंगत पत्नीचीं छायाचित्रें होतीं. ते रोज सकाळीं येऊन कांहीं न बोलतां खुर्चीवर बसत. घरीं विचारविनिमय झाला. वडील बंधूंचें म्हणणें, आपण जबाबदार नाहीं, तशी लेखी नोटीस लावावी. त्यावर आई एवढेंच म्हणाली, "अरे, लोकांनीं यंत्र विमा कंपनीकडे दिलें नव्हतें, तुझ्याकडे दिलें होतें." बंधूंनीं दुसऱ्या दिवशीं बँकेंतील मुदतीची ठेव मोडली. पुढल्या चौदा महिन्यांत त्या कुटुंबानें कोणास जुनें पण चांगलें यंत्र, कोणास अर्धीअधिक किंमत, असें करून सव्वीसही गिऱ्हाइकांचें समाधान केलें. त्यास सुमारें तीन लाख रुपये लागले.

ही रक्कम विम्यानें आली असती काय? येथें प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. आगीच्या पॉलिसींत, स्पष्ट लिहून घेतल्याविना, दुसऱ्याचा विश्वासानें ठेविलेला माल धरीत नाहींत. लिहून घेतांना पुष्कळदां असे शब्द घालतात कीं, 'विमाधारकाचा स्वतःचा, तसाच त्याजकडे विश्वासानें ठेविलेला व ज्याबद्दल तो जबाबदार आहे असा माल.' हे शेवटचे चार-पांच शब्द वरवर निरुपद्रवी दिसतात. पण पुरांत जर कायद्यानें दुकानदार जबाबदारच नसेल, तर कंपनी म्हणूं शकेल कीं, मग आम्हीही नाहीं. इंग्लंडांत यावर जुने खटले झालेले आहेत. १८५६ सालीं मोनार्क कंपनीविरुद्धच्या वॉटर्स यांच्या खटल्यांत धान्य व पीठ सांभाळणाऱ्या वखारवाल्यांची पॉलिसी 'विश्वासानें ठेविलेला माल' एवढ्याच शब्दांची होती. त्यांस पूर्ण किंमत मिळाली, आणि स्वतःचें येणें वजा जातां बाकी त्यांनीं मालकांसाठीं धरावी असें ठरलें. उलट १८७१ च्या मॉफट खटल्यांत चहाच्या व्यापाऱ्याच्या पॉलिसींत 'जबाबदार असलेला' हे शब्द होते. जळालेल्या चहाची जोखीम खरेदीदारांकडे गेलेली होती, सबब दावा फेटाळला गेला. एका विशेषणानें केवढा फरक पडतो, हें आम्ही व्याकरण शिकवितांना मुलांस सांगत आलों. असा दाखला त्या वेळीं हाताशीं असता तर किती बरें झालें असतें!

म्हणून दुकानदारानें गिऱ्हाइकास देण्याची चिठ्ठी व पॉलिसी हे दोन कागद एकमेकांशेजारीं ठेवून वाचावे. पॉलिसींत 'जबाबदार' हा शब्द असेल, तर तो काढून घ्यावा; कंपनी काढीत नसेल, तर चिठ्ठीवरच अमुक किमतीपर्यंत आग, पूर व चोरी यांची जबाबदारी आपण घेतों असें लिहावें, म्हणजे १५२ व्या कलमांतला वेगळा करार होतो; मात्र तसें लिहिण्याआधीं कंपनीस तें लेखी कळवावें. 'माल मालकाच्या जोखमीवर' असें छापून मोकळें होणाऱ्या दुकानदारांस आम्ही दोष देत नाहीं, पण आपलें यंत्रही देत नाहीं.

आतां स्वतःच्या मालाविषयीं. आमच्या विद्यार्थ्याचा विमा आठ लाखांचा होता. दसरा दोन आठवड्यांवर आलेला. दिवाळीच्या हिशेबानें माल भरल्यामुळें त्या रात्रीं दुकानांत दहा लाखांचा माल होता. नुकसान सहा लाखांचें ठरलें. आठ लाखांच्या विम्यांत सहा लाख सहज बसतात असें त्यास वाटत होतें. पण विम्याचा हिशेब त्रैराशिकानें होतो. दहास आठ, तर सहास किती? चार लाख ऐंशी हजार. हें गणित आम्ही त्यास सातवींत शिकविलें होतें, आणि तो वर्गांत पहिला होता.

तेव्हांपासून पॉलिसीचें स्वरूप बदललें आहे. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणानें, एका ठिकाणची मालमत्ता पांच कोटी रुपयांपर्यंत असलेल्या लहान धंद्यांसाठीं 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या नांवाची एकसारखी पॉलिसी सर्व कंपन्यांस लागू केली. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल, पाण्याची टाकी फुटणें इत्यादि आपत्ती तींत येतात. विम्याची तूट पंधरा टक्क्यांच्या आंत असल्यास कपात होत नाहीं. वरील उदाहरणांत तूट वीस टक्के होती, म्हणजे कपात आजही झालीच असती. सणापूर्वीं जादा हप्ता भरून रक्कम वाढवून घेतां येते; त्यास एक अर्ज पुरतो.

या पॉलिसींत काय नाहीं, तें ठाऊक असणें संगणकवाल्यास अधिक अगत्याचें. शॉर्ट सर्किटनें किंवा विजेच्या दाबानें एखादें यंत्र जळालें, तर त्या यंत्राचे पैसे मिळत नाहींत. त्याची आग पसरून शेजारचीं जळालीं, तर त्यांचे मिळतात. ज्या दुकानांत दिवसभर फुगलेल्या बॅटऱ्या व उघडे सर्किट हाताळले जातात, तेथें हा भेद पुस्तकी नव्हे. दुकानाच्या स्वतःच्या यंत्रांसाठीं इलेक्ट्रॉनिक उपकरणांची निराळी पॉलिसी मिळते. चोरीचेंही तसेंच : पूर किंवा आग यांमुळें सात दिवसांच्या आंत झालेली चोरी तेवढी यांत येते. एरवींच्या घरफोडीस वेगळा विमा, आणि त्यांतही कुलूप तोडल्याची खूण दिसावी लागते. भरदुपारीं कोणी लॅपटॉप पिशवींत घालून निघून गेला, अथवा नोकरानेंच सुटे भाग लांबविले, तर घरफोडीचा विमा उपयोगी नाहीं; नोकरासाठीं विश्वासहमीचा विमा असतो.

किमतीविषयींही भ्रम नसावा. गिऱ्हाइकानें पांच वर्षांपूर्वीं साठ हजारांस घेतलेल्या यंत्राची भरपाई बहुधा त्याच्या आजच्या बाजारभावानें होते, आणि संगणकाचा भाव पिकलेल्या केळ्यासारखा रोज उतरतो. यंत्राच्या पोटांत जें असतें, त्याचें खरें मोल तर कोणत्याही भरपाईनें येत नाहीं. त्या मुलीचा प्रबंध एका जाणत्या कारागिरानें भिजलेल्या हार्डडिस्कवरून पुष्कळसा काढून दिला. वृद्ध गृहस्थांचीं छायाचित्रें मिळालीं नाहींत. दुरुस्तीस यंत्र देण्यापूर्वीं त्यांतील मजकुराची प्रत घरीं दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवणें घरांतील कोणाही मुलास जमतें. आमच्याकडे तें काम आतां नातीकडे आहे, आणि ती यादी करून आमची सही घेते.

दावा नाकारला गेला तर आधीं कंपनीस लेखी तक्रार करावी. महिन्यांत समाधान न झाल्यास एक वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे जातां येतें. एकमालकी दुकानांस व सूक्ष्म उद्योगांस हा मार्ग मोकळा आहे, फी नाहीं व वकीलही लागत नाहीं. लोकपालांचें कार्यालय पुण्यांतही आहे.

आमच्या विद्यार्थ्याच्या दुकानांत आतां मांडणी छातीइतक्या उंचीवर आहे, चिठ्ठ्या प्लास्टिकच्या पाकिटांत असतात, आणि त्यांची नक्कल रोज रात्रीं घरीं जाते. पॉलिसींत परक्याच्या मालाची ओळ आली आहे, ती 'जबाबदार' या शब्दाविना. त्यासाठीं त्यास कंपनीशीं तीन पत्रें लिहावीं लागलीं व त्यांचा मसुदा आम्हीं केला. मागल्या आठवड्यांत त्यानें नवी यादी दाखविली, तेव्हां सर्वांत जुनी नोंद आमच्याच प्रिंटरची निघाली. दुरुस्त होऊन सात महिने झाले होते. "सर, याचाही हप्ता मीच भरतों आहें," असें तो हंसत म्हणाला. उद्यां रिक्षा करून तो घेऊन यावयाचा आहे.