राखेत भाजलेला आलू



आलू सर्वांच्या ओळखीचा आहे. भाजीत, भज्यात, पोह्यात, उपवासाला, सगळीकडे तो असतो. पण मी इथे एकाच प्रकाराची माहिती देणार आहे. ती म्हणजे विस्तवात भाजलेल्या आलूची. आपल्याकडे हे खाणं घाईचं आणि गरिबाचं समजतात. परदेशात लोक तेच दुकानासमोर रांगेत उभे राहून, पैसे देऊन खातात.

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांच्या आया सकाळीच वावरात जातात. स्वयंपाक झाला की चुलीत इंगळ आणि गरम राख उरते. त्या राखेत दोन-चार आलू पुरून ठेवले की वेगळं जळण लागत नाही आणि पोरांच्या पोटाची सोय होते. माझी आजी हेच करते. आलू एकदम इंगळावर टाकलेला तिला चालत नाही. ती म्हणते, "इंगळावर टाकशील तं वरून कोळसा अन् आतून कच्चा. राखेत पुर, वर अर्धी गवरी ठेव, अन् खेळाले जाय." मी घड्याळ लावून पाहिलं. मध्यम आलूला पाऊण तास लागला.

याचं कारण गुरुजींनी सांगितलं. आलूत पाचातले जवळजवळ चार भाग पाणीच असतं. राखेची ऊब हळूहळू आत जाते, आतलं पाणी तापतं आणि त्या वाफेवर आलू स्वतःच शिजतो. त्यातलं पिठूळ द्रव्य, म्हणजे स्टार्च, फुगून मऊ होतं. उकडलेल्या आलूतले काही क्षार आणि क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं, आणि ते पाणी आपण फेकून देतो. भाजलेल्या आलूत तसं होत नाही. मात्र साल जाड असेल आणि वाफेला वाट मिळाली नाही तर आलू फट्‌कन फुटतो. म्हणून पुरण्याआधी बाभळीच्या काट्याने तीन-चार भोकं पाडावीत.

आता एक महत्त्वाची गोष्ट. ती पालकांनीही वाचावी. आपल्याकडे पऱ्हाटीचं जळण फार. पण कपाशीवर औषधाची फवारणी होते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर मरण पावले. ते औषध अंगाला लागलं तर माणूस दगावतो, मग त्या काडीच्या राखेत खायची वस्तू पुरू नये असं मला वाटतं. आमच्या घरी भाजायला गवरीच वापरतात. वावरात विस्तव पेटवताना पोरं प्लॅस्टिकची पिशवी नाहीतर औषधाचा रिकामा डबा त्यात टाकतात, तेही करू नये. आणि आलूला हिरवा रंग आला असेल तर तो खाऊच नये. त्यात सोलॅनिन नावाचं विष तयार होतं आणि भाजलं तरी ते जात नाही.

आलूचं मूळ गाव दक्षिण अमेरिकेत, पेरू देशाच्या अँडीज डोंगरात आहे. तिथले शेतकरी अजूनही आलू निघाले की वावरातच भाजतात. भांडं नाही, चूल नाही. ते मातीची ढेकळं एकावर एक रचून लहानसा घुमट करतात आणि त्यात जाळ घालतात. ढेकळं चांगली तापली की आलू आत टाकतात आणि घुमट वरून पाडून टाकतात. गरम मातीखाली आलू भाजून निघतात. याला तिथे वातिया म्हणतात. सोबत मिरची आणि हिरवा पाला दगडावर वाटून केलेली चटणी असते. म्हणजे आपला ठेचाच की! आणखी एक नवल म्हणजे टिटिकाका सरोवराकडचे लोक एक खास माती पाण्यात कालवून तिच्यासोबत आलू खातात. डोंगरावरच्या कडू आलूतला दोष त्या मातीने कमी होतो. आपण मात्र आपल्या आवारातली माती खाऊन पाहू नये.

जर्मनीतही आलू काढल्यावर वाळलेला पाला पेटवून त्यात आलू भाजायची पद्धत होती. इंग्लंडात भाजलेल्या आलूला अंगरख्यातला आलू म्हणतात, कारण साल काढत नाहीत. मधोमध चीर देऊन लोणी, किसलेलं चीज नाहीतर टमाट्याच्या रशातल्या शेंगबिया घालतात. पूर्वी लंडनच्या रस्त्यावर असे गरम आलू विकत. थंडीत लोक ते आधी हात शेकायला घेत आणि मग खात. तुर्कस्तानात याला कुंपिर म्हणतात. तिथे आलूच्या आतच लोणी आणि चीज घोटतात आणि वर मक्याचे दाणे, लोणचं, ऑलिव्ह असं इतकं रचतात की आलू दिसतच नाही. मला हे जास्तीचं वाटतं. मग आलू कशाला खायचा?

आपल्याच देशात बिहारकडे भाजलेला आलू कुस्करून त्यात कच्चं मोहरीचं तेल, कांदा, मिरची घालतात. त्याला चोखा म्हणतात. तो लिट्टीसोबत खातात. लिट्टी आपल्या रोडग्यासारखीच गोवऱ्यांवर भाजतात, फक्त आत सातू भरलेला असतो. आमच्या घरी आलूवर जवसाची चटणी, कच्चं तेल, मीठ आणि बारीक चिरलेला सांबार. कधी त्याच राखेत वांगं, टमाटा, हिरवी मिरची भाजून एकत्र भरीत करतात. गंमत अशी की आलू, वांगं, टमाटा आणि मिरची ही चारही एकाच कुळातली झाडं आहेत. त्यातलं वांगं आपल्याकडचं, बाकी तिघे अमेरिकेतून आलेले.

रताळं मात्र त्यांचं नात्यातलं नाही. ते नाल्याकाठच्या बेशरमाच्या जवळचं आहे. फुलं पाहा, सारखी दिसतात. बेशरम विषारी आहे, रताळं गोड. जपानात रताळी गरम गोट्यांत भाजून गाडीवर विकतात. हळू भाजलं की त्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून उकडलेल्यापेक्षा भाजलेलं रताळं गोड लागतं.

पुस्तकात बटाटा लिहितात आणि आपण आलू म्हणतो. बटाटा हा शब्द पोर्तुगीज लोकांबरोबर आला, आणि त्यांनी तो अमेरिकेकडच्या बेटांवरच्या लोकांकडून घेतला होता. तिथे तो रताळ्याचं नाव होता. आलू हा शब्द आपल्याकडे जुना आहे, आधी दुसऱ्या कंदांना म्हणत. हे मी आजीला एकादशीच्या दिवशी वाचून दाखवलं आणि विचारलं, की आलू अन् रताळं दोन्ही परदेशातले, मग उपासाला कसे चालतात? आजी राखेतून रताळं काढत होती. म्हणाली, "इठोबाले चालते नं? मंग तुले काय झालं? घे, गरम हाये, फुकून खाय."