साबण काळा पडेपर्यंत

ॲल्युमिनियम तापलं तरी लोखंडासारखं लाल होत नाही. वितळायची वेळ आली तरी पत्रा वरून तसाच पांढरा दिसतो आणि मग एकदम भोक पडतं. म्हणून मिस्त्री आधी त्यावर कपडे धुण्याच्या साबणाची वडी घासतात. गॅसची ज्योत फिरवत राहायचं, साबण तपकिरी होऊन काळा पडला की थांबायचं. असा पत्रा हाताने वाकतो. ठोकत गेलं की तो पुन्हा ताठरतो. पुन्हा साबण, पुन्हा ज्योत.

भायखळ्याच्या या गॅरेजात १९३०च्या दशकातली एक इंग्लिश मोटार उभी आहे. खरं तर तिचा सांगाडाच. एकेकाळी ती एका सिनेनटीची होती, असं मालक सांगतात. पुरावा म्हणून एक फोटो आहे. त्यात नटी ठळक दिसते, गाडीचा मात्र मागचा एक कोपराच. मिस्त्रींना नटीत रस नाही, पण त्या कोपऱ्यासाठी त्यांनी फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय.

त्या काळी अशा गाड्या दोन ठिकाणी बनत. कंपनी चासी आणि इंजिन द्यायची, बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारखान्यात बांधून घ्यायचं. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्यूसेनबर्ग घ्या. चासी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची, इंजिन आठ सिलिंडरचं, सुपरचार्जर लावलेलं, ३२० अश्वशक्तीचं. बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, ए. एफ. मॅकनील यांच्या आराखड्यावरून १९३६ मध्ये पुरी झालेली. रंग केशरी आणि काळा. पुढच्या-मागच्या चाकांत जवळजवळ चार मीटर अंतर, आणि बसायची सोय दोघांची! माणिकबागेसारखा महाल उठवणाऱ्या, छायाचित्रकार मॅन रेसमोर फोटोला बसणाऱ्या राजाला हा थाट शोभत असे.

या सगळ्या डौलाच्या आत मात्र लाकूड असायचं. इंग्लिश बॉडीचा सांगाडा बहुधा ॲशचा. क्रिकेटचे स्टंप करतात तेच लाकूड. चिवट, हादरे पचवणारं. त्यावर पत्रा बसवायचा, कडा दुमडून बारीक चुका मारायच्या. लाकूड आणि पत्रा एकमेकांवर घासून कुरकुरू नयेत म्हणून मध्ये कापडी पट्टी. मुंबईची दमट हवा इथेच घात करते. दारांखालच्या पट्ट्यांत पाणी साठतं, लाकूड कुजतं, आणि लोखंडी स्क्रूशेजारी ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. बाहेरून गाडी शाबूत दिसत असते. या गाडीचा उजवा मागचा कोपरा असाच गेलाय.

डावा कोपरा शाबूत आहे, तर त्याचाच साचा उलटा करून उजवा करावा, असं मला वाटलं. मिस्त्रींनी तो प्लायवूडचा साचा उजवीकडे लावून दाखवला. खाली बसला, वर बोटभर फट. जुन्या चुकांची भोकं लाकडात अजून आहेत, त्यांची ओळही साच्याशी जुळत नव्हती. “दोन बाजूंना दोन माणसं असतील,” ते म्हणाले. असतीलही. हाताने ठोकलेल्या गाडीच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात, आणि समोरून दोन्ही एकदम कुणाला दिसतही नाहीत.

मग त्यांनी भोकांच्या ओळीवरून उजवीकडचा वेगळा साचा कापला. मऊ केलेला पत्रा आधी वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने खोलगट केला. त्यानंतर व्हीलिंग मशीन: वर सपाट चाक, खाली फुगीर, मध्ये पत्रा. पुढे-मागे, पुढे-मागे, दर फेरीला किंचित सरकवत. दाबाने धातू पसरतो आणि पत्र्याला फुगवटा येतो. हे बघताना कंटाळा येतो, हेही सांगायला हवं. मिस्त्रींची नजर पत्र्यावर कमी आणि तळहात जास्त. जुन्या बनियनचा तुकडा हाताखाली धरून ते उंचवटा शोधतात, कारण कापडावरून हात सरकतो आणि कमीजास्त लगेच कळतं.

मालकांना दोन्ही बाजू सारख्या हव्यात. पैसे त्यांचे, गाडी त्यांची. तरीही माझं मत मिस्त्रींच्या बाजूने आहे. नटी बसली असेल तर ती या वेड्यावाकड्या गाडीत बसली. सरळ केलेली गाडी तिची नव्हेच. मालक अजून कबूल होत नाहीत. प्रदर्शनात परीक्षक फुटपट्टी घेऊन येतील, अशी त्यांना धास्ती आहे. तोवर मिस्त्रींनी दोन्ही साचे जपून ठेवलेत, एकावर ‘डा’ आणि दुसऱ्यावर ‘उ’ लिहून.