कचेरीलाही इतिहास असतो

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्या घरातले दरवर्षीचे एक लहानसे उत्खननच. माळ्यावरून काय खाली उतरेल याचा नेम नसतो. गेल्या वर्षी मोडका आकाशकंदील, बिनझाकणाचे पितळी डबे आणि जुन्या पंचांगांचा गठ्ठा यांच्यामधून एक चौकटीतला काळापांढरा फोटो निघाला. वडिलांच्या कचेरीतली खंडेनवमी! टेबलावर झेंडूच्या माळा घातलेली टंकलेखनयंत्रे, मागे तीन ओळींत उभा असलेला कर्मचारीवर्ग, आणि दुसऱ्या ओळीत डावीकडे, चष्म्याच्या काड्या नुकत्याच सरळ केल्यासारखे दिसणारे आमचे वडील.

माझ्या मुलीने फोटो हातात घेतला. आजोबांना ओळखून झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, मागचा जिना काय सुंदर आहे हो! ही इमारत कुठे आहे?”

मी म्हणालो, “होती.”

होती खरी. नाशिकच्या गावभागापासून फार दूर नसलेली ती दुमजली कचेरी. तिचा रस्त्याकडचा कोपरा गोल वळवलेला होता आणि त्या वळणाबरोबर सज्जाही वळत गेला होता. आत मोझॅकच्या पायऱ्यांचा जिना होता. खिडक्यांवरचे सिमेंटचे छज्जे एवढे पुढे आलेले, की आषाढातला पाऊसही टेबलावरच्या कागदांपर्यंत पोहोचत नसे. लहानपणी वडिलांचा डबा घेऊन मी कितीदा तो जिना चढलो असेन! पण इमारत म्हणून तिच्याकडे कधी पाहिले नाही. एका दिवाळीच्या सुट्टीत ती पाडली गेली. सुट्टी संपवून लोक आले तेव्हा तिथे विटांचा ढीग होता. कुणी हळहळले नाही. खरे सांगायचे तर मीही नाही.

आपण नाशिककर काही इतिहासाला विसरणारे लोक नव्हेत. पाहुणा आला की आपण त्याला पांडवलेणी दाखवतो, काळारामाचे देऊळ दाखवतो, गंगेचा घाट दाखवतो. पाहुणा जरा जाणता असला तर सराफ बाजारातल्या सरकारवाड्यापर्यंतही नेतो. परंतु आपल्या मनात इतिहास पेशवाईपाशी येऊन थांबतो. त्यानंतर जे बांधले गेले ते नुसते बांधकाम! त्यात पुन्हा कचेरी म्हटली की संपलेच. देवळाला दंडवत घालावा, वाड्याचे कौतुक करावे आणि कचेरीत हेलपाटे घालावेत, अशी आपली विभागणी ठरलेली आहे.

ही विभागणी चुकीची आहे, हे मला प्रथम माझ्या मामांनी शिकवले होते. मामा मुंबईला फोर्टमध्ये कारकून होते. मी दहा-बारा वर्षांचा असताना त्यांनी मला महात्मा गांधी रस्त्यावर एका इमारतीसमोर उभे केले आणि म्हणाले, “वर बघ. टोपी पडेपर्यंत वर बघ.” ती न्यू इंडिया ॲश्युरन्स कंपनीची इमारत. त्या दिवशी मी वर पाहिले आणि नंतर विसरूनही गेलो. फोटो सापडल्यावर मात्र राहवेना. दिवाळी झाल्यावर सकाळची पंचवटी पकडून मुलीला घेऊन मुंबई गाठली आणि मामांच्या जागी उभा राहून तिला म्हणालो, “वर बघ.”

ही इमारत १९३६ च्या सुमाराची. वास्तुकार मास्टर, साठे आणि भुता. दर्शनी भागावर जमिनीकडून आकाशाकडे झेपावणाऱ्या उभ्या रेषा आहेत. त्यांच्यामुळे इमारत आहे त्याहून उंच भासते. आणि तिच्या अंगावर कोरलेल्या भव्य आकृती पाहाव्यात! शिल्पकार ना. ग. पानसरे. विमाकंपनीच्या दारी सहसा काय अपेक्षावे? एखादा राजा, एखादी ग्रीक देवता, नाहीतर निदान संस्थापकाचा पुतळा. इथे मात्र कष्ट करणारी आपली साधी माणसे आहेत. एरवी वेशीबाहेरच्या शेतात दिसणारी माणसे फोर्टातल्या साहेबी रस्त्यावर देवासारखी ताठ उभी आहेत.

हे असे का झाले, यातच त्या इमारतीचा इतिहास आहे. सर दोराबजी टाटांनी ही कंपनी १९१९ मध्ये स्थापन केली. विमा हा धंदा मोठा चमत्कारिक. त्यात दुकानदार गिऱ्हाइकाच्या हाती काही वस्तू देत नाही; देतो ते फक्त वचन. वीस वर्षांनी आम्ही असू आणि तुमचे पैसे देऊ, एवढेच! परदेशी कंपन्यांच्या शेजारी बसून देशी कंपनीने असे वचन द्यायचे, तर त्याला काही डोळ्यांना दिसणारा आधार हवा. ही इमारत म्हणजे तो आधार. ‘आम्ही भक्कम आहोत, आधुनिक आहोत आणि तुमच्यातलेच आहोत’ ही तीन वाक्ये त्या दर्शनी भागावर सिमेंटात आणि दगडात लिहिलेली आहेत. स्वातंत्र्याला अजून दहा-अकरा वर्षे अवकाश होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचे मोल कळते.

बांधणीचा भागही असाच. जुन्या दगडी इमारतीत सगळा भार भिंती वाहतात, म्हणून त्या जाड आणि खिडक्या बेताच्या. लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचे खांब आले आणि भिंतींची त्या ओझ्यातून सुटका झाली. खिडक्या रुंदावल्या, कोपरे गोल झाले, सज्जे अधांतरी पुढे आले. मुंबईत चर्चगेट, ओव्हल मैदान, मरीन ड्राइव्ह या भागात १९३० नंतर जी ‘आर्ट डेको’ वळणाची घरे, कचेऱ्या आणि चित्रपटगृहे उभी राहिली, ती सगळी या सुटकेची लेकरे. २०१८ मध्ये युनेस्कोने ओव्हलच्या एका बाजूची व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसऱ्या बाजूची आर्ट डेको वास्तुरचना एकत्रितपणे जागतिक वारसा म्हणून मान्य केली. इरॉस आणि रीगल ज्यांनी नुसती सिनेमा पाहण्यासाठी वापरली, त्यांना आपण वारशात बसून शेंगदाणे खात होतो हे तेव्हा कळले!

माझ्या मुलीने तिथेच मला पेचात पकडले. ती म्हणाली, “पण बाबा, इमारत ऐतिहासिक व्हायला किती वर्षे लागतात?”

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपला केंद्राचा १९५८ चा कायदा प्राचीन स्मारकासाठी शंभर वर्षे मागतो. न्यूयॉर्कच्या कायद्याला तीस पुरतात. तिथे लीव्हर हाउस नावाची एका साबणकंपनीची काचेची कचेरी १९५२ मध्ये पुरी झाली. पुढे ती पाडून तिथे टोलेजंग इमारत उठवण्याचे बेत सुरू झाले. परंतु १९८२ मध्ये तिची तिशी भरली आणि त्याच वर्षी तिला वारशाचा दर्जा मिळून ती वाचली. दिल्लीत उलटे घडले. प्रगती मैदानावरचे ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे राज रेवाल आणि अभियंते महेंद्र राज यांनी १९७२ मध्ये उभारलेले भव्य दालन. पोलादाचा सांगाडा परवडत नव्हता, म्हणून तसाच सांगाडा आपल्या कारागिरांच्या हातांनी काँक्रीटमध्ये घडवला. जगभरचे वास्तुकार ते पाहायला येत. पण वारसा ठरायला तिथे साठ वर्षांची अट आडवी आली आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते जमीनदोस्त झाले. त्याच्या आदल्याच वर्षी चंडीगडचा कॅपिटॉल परिसर, त्यातल्या लांबलचक सचिवालयासकट, जागतिक वारसा ठरला होता. म्हणजे सरकारी कचेरीसुद्धा जगाचा ठेवा होऊ शकते, हे आपल्याच देशात सिद्ध झाले होते!

मग कसोटी कोणती? मला वाटते, वर्षांपेक्षा प्रश्न महत्त्वाचे. ही इमारत कोणी, कशासाठी बांधली? तिच्यात बांधणीची काही नवी हिकमत आहे का? कोणा कलावंताचा, मिस्त्रीचा हात तिच्यावर उमटला आहे का? आणि गावाच्या किती माणसांचे आयुष्य तिच्यातून गेले? यांपैकी दोन प्रश्नांनाही भरघोस उत्तर मिळाले, तर तिच्याकडे पुन्हा एकदा पाहावे.

यावर व्यवहारी माणूस विचारील, “असे सगळेच जपत बसलो तर शहर वाढायचे कसे? गळके छप्पर आणि अंधारे बोळ सांभाळायचे कोणी?” आक्षेप रास्त आहे. सगळे जपावे असे कोणी म्हणत नाही. मुंबईने १९९५ मध्ये वारसा-इमारतींसाठी नियम केले. त्यांत इमारतींच्या श्रेणी आहेत. वरच्या श्रेणीला हात लावणे कठीण. खालच्या श्रेणीत बदलाला पुष्कळ मोकळीक. मुख्य गोष्ट ही, की पाडण्याआधी कोणाला तरी विचारावे लागते. आमच्या त्या कचेरीबाबत कोणी कोणाला विचारलेच नाही. कदाचित विचारूनही ती गेलीच असती. पण निदान जाताना तिची मापे कोणी घेतली असती, जिन्याचा फोटो कोणी काढला असता.

आता तो जिना फक्त आमच्या फोटोत आहे, तोही आठ-दहा पायऱ्यांपुरता. वास्तुकाराचे नाव मला मिळाले नाही. वडील हयात असताना एकदा विचारले असते तर ते सहज सांगते. ही रुखरुख वाचकांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

या दिवाळीत माळा आवराल तेव्हा कचेरीतले, बँकेतले, कारखान्यातले जुने फोटो टाकू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना फराळाच्या ताटाशी बसवून विचारा: ही इमारत कोणती? कधीची? कोणी बांधली? उत्तर फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवा आणि एक प्रत गावच्या ग्रंथालयात द्या. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे. त्याने आपल्या अनेक पिढ्या सांभाळल्या आहेत.

माझी मुलगी आता कॉलेजला जाताना वर बघत चालते. परवा संध्याकाळी घरी आली ती सांगतच, “बाबा, मेन रोडच्या एका गल्लीत गोल कोपऱ्याची इमारत आहे. वर बांधल्याचे साल आहे, पण रंगाखाली गेले आहे. रविवारी शिडी घेऊन जाऊ या का?”

मी शिडीची चौकशी करून ठेवली आहे.