मतदानाचा दिवस आणि देशभरातले हवामान

लोकसभेची २०२४ ची निवडणूक १९ एप्रिल ते १ जून अशी सात टप्प्यांत झाली. कोण कुठे उभे, कोणाची हवा, याची चर्चा भरपूर झाली. खऱ्या हवेची मात्र उन्हाने माणसे दगावू लागल्यावरच झाली. मतदानाची तारीख ठरवताना पंचांगाइतकेच तापमानाचे तक्तेही पाहायला हवेत, असे माझे ठाम मत आहे.

एकाच निवडणुकीतले ऋतू

उत्तर बंगालमधल्या जलपाईगुडीला ३१ मार्चला वादळाचा तडाखा बसला. माणसे मेली, घरे जमीनदोस्त झाली, आणि तिसऱ्या आठवड्यात, १९ एप्रिलला, तिथे मतदान होते. त्याच दिवशी आपल्याकडे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीत लोक उन्हात रांगा लावून उभे होते. काश्मीरमधल्या अनंतनाग-राजौरी मतदारसंघात ७ मेची तारीख बदलून २५ मे करावी लागली. पीर पंजाल पर्वतरांगेच्या दोन बाजूंना पसरलेला हा मतदारसंघ; रस्ते आणि दळणवळणाच्या नैसर्गिक अडथळ्यांचे कारण निवडणूक आयोगाने दिले.

२५ मेला दिल्ली आणि हरियाणा भाजून निघत असताना पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर कांथी, तमलूक इथेही मतदान चालू होते. त्याच संध्याकाळी बंगालच्या उपसागरात ‘रेमाल’ चक्रीवादळ तयार झाले आणि दुसऱ्या रात्री किनाऱ्यावर आदळले. सुंदरबनच्या भागाचे मतदान १ जूनला होते. वादळ नेमके दोन टप्प्यांच्या मधे येऊन गेले. १ जूनला पंजाब आणि पूर्वांचल मतदान करत होते, तेव्हा केरळात मान्सून दाखल होऊन दोन दिवस झाले होते.

महाराष्ट्रातही तेच. १३ मेला पुणे, बीड, जळगावात मतदान चालू होते. त्या दुपारी मुंबईत धुळीचे वादळ आले आणि घाटकोपरला महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा जीव गेला. मुंबईचे मतदान पुढच्या आठवड्यात, २० मेला होते.

लाट कशाला म्हणायची?

मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त असले, की हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. किनाऱ्यासाठी हा आकडा ३७, डोंगराळ भागासाठी ३०. पारा ४५ वर गेला तर सरासरी न पाहताही ती लाटच.

या व्याख्येत एक अडचण आहे. चंद्रपूरला मे महिन्यात ४३ अंश म्हणजे जवळजवळ नेहमीचेच तापमान, त्यामुळे नियमानुसार ती लाट ठरत नाही. पण रांगेत उभ्या म्हाताऱ्या बाईला ४३ म्हणजे ४३. मुंबई, रत्नागिरीत पारा ३५ च्या आसपास असतो, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. वारा पडलेल्या शाळेच्या खोलीत तासभर उभे राहिलेल्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

केंद्रावरची माणसे

मतदार तासाभरात घरी जातो. खरी परीक्षा कर्मचाऱ्यांची. आदल्या दिवशी सकाळीच तालुक्याच्या ठिकाणी साहित्य वाटपाला हजर राहायचे. मतदान यंत्र, सील, शाई, पाकिटे, मतदार याद्या मोजून घ्यायच्या. मग एसटीने किंवा जीपने केंद्र गाठायचे. केंद्र म्हणजे बहुधा जिल्हा परिषदेची शाळा, अनेकदा पत्र्याची. दिवसभर तापलेला पत्रा रात्रीही उष्णता सोडत राहतो. झोप कुठली लागायला! सातला मतदान सुरू करायचे तर साडेपाचला पक्षांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यावे लागते, किमान ५० मते टाकून. संध्याकाळी सहाला रांगेत असतील त्या सगळ्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटायच्या आणि त्यांचे मतदान पुरे करायचे. नंतर मतांचा हिशेब देणारा नमुना १७ सी भरून, यंत्र सीलबंद करून, ते जमा करेपर्यंत मध्यरात्र होते. शिक्षक, तलाठी, अंगणवाडी सेविका, पोलीस, होमगार्ड अशी ही माणसे. कोणाला मधुमेह, कोणाला रक्तदाब.

शेवटच्या टप्प्यात एकट्या उत्तर प्रदेशात उष्णतेमुळे ३३ मतदान कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाल्याचे तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले. त्यांत होमगार्ड होते, सफाई कामगार होते. लोकशाहीचे काम करताना हे लोक गेले आणि आठवड्याभरात बातम्यांतून नाहीसे झाले, याची मला आजही चीड येते.

आयोगाने काहीच केले नाही असे नाही. एप्रिलमध्येच हवामान विभाग, आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि आरोग्य खात्याला घेऊन कृती दल नेमले. सावली, पाणी, ओआरएसच्या सूचना दिल्या. तेलंगणात मतदानाची वेळ तासाने वाढवली.

निवडणूक उन्हाळ्यात आली कशी?

पहिली सार्वत्रिक निवडणूक हिवाळ्यातली, ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२. हिमाचलच्या चिनी (आजचे कल्पा) भागात बर्फाने वाटा बंद होण्याआधी मतदान उरकावे म्हणून ते २५ ऑक्टोबरलाच घेतले. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ओळखले गेलेले कल्पा गावचे श्याम सरन नेगी यांनी तेव्हाच मत दिले. पुढेही बरीच वर्षे फेब्रुवारी-मार्चच चालला. १९९९ ची निवडणूक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाली. पुढची सहा महिने आधी, एप्रिल-मे २००४ मध्ये घेतली गेली. त्यानंतर प्रत्येक लोकसभेने मुदत पुरी केली आणि निवडणूक उन्हाळ्यातच अडकून बसली.

आधी घेता येईल का?

कायद्याने येते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १४ नुसार मुदत संपण्याआधी सहा महिन्यांच्या आत कधीही निवडणुकीची अधिसूचना काढता येते. फेब्रुवारीलाही अडचणी आहेत: परीक्षा, उत्तरेतले धुके, हिमालयातला बर्फ. पण १९९८ मध्ये हिमाचल विधानसभेचे मतदान फेब्रुवारीत झाले, तेव्हा बर्फाळ भागातल्या तीन जागांचे मतदान जूनमध्ये घेतले होते. मोजक्या जागांसाठी अशी सोय करता येते. साऱ्या देशासाठी मे महिन्यात सावली पुरवता येत नाही.

३ जून २०२४ रोजी तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनीच सांगितले की निवडणूक निदान महिनाभर आधी संपायला हवी होती. सध्याच्या लोकसभेची मुदत जून २०२९ मध्ये संपते. म्हणजे डिसेंबर २०२८ पासून आयोगाचे हात मोकळे असतील.