‘मस्कऱ्या’ : एक अर्थांतर

थट्टेखोर माणसाला मराठीत ‘मस्कऱ्या’ म्हणतात. पाणिनीने ‘मस्करिन्’ हा शब्द परिव्राजक या अर्थी नोंदविला आहे. ध्वनिसाम्यामुळे आपल्या शब्दाचे मूळ तेथे शोधण्याचा मोह होतो. परंतु दंडधारी संन्याशापासून थट्टेपर्यंत अर्थाची वाट पोहोचत नाही. खरे मूळ अरबी ‘मस्खरा’ होय. उपहासवाचक धातूपासून बनलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ उपहासाचा विषय असा आहे. फारसीत तो विदूषकवाचक झाला; हिंदी ‘मसखरा’ आणि मराठी ‘मस्करी’ ही त्याचीच रूपे. ज्याला लोकांनी हसावयाचे, तोच त्यांना हसविणारा ठरला. संस्कृत ‘विदूषक’ मात्र व्युत्पत्तीने दूषण देणारा. एक अधिक्षेप सोसणारा, दुसरा करणारा. हास्य दोघांनाही मागाहूनच लाभले.