पडद्यावरची मटकी

सातवीला बियांचं अंकुरण शिकवायला मी पहिल्यांदा पॉवरपॉइंट वापरलं, तेव्हा धडाच स्लाइडवर उतरवला होता. एकेका स्लाइडवर बारा-बारा ओळी. प्रोजेक्टर लागला आणि सगळ्या माना वह्यांत गेल्या. "बाई, थांबा, राहिलंय!" मागच्या बाकावरून एवढंच ऐकू यायचं. माझं बोलणं कुणाच्याच कानावर पडत नव्हतं. त्यात मजकूर जुन्या फॉन्टमधला. वर्गातल्या संगणकावर तो फॉन्टच नव्हता, म्हणून अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं उमटली. तेव्हापासून युनिकोडशिवाय टाइप करत नाही. पॉवरपॉइंट १९८७ साली आलं ते कचेऱ्यांतल्या बैठकांसाठी. तिथं मुद्द्यांची यादी चालते, सातवीत नाही.

यंदा ओळी काढूनच टाकल्या. मूठभर मटकी रात्रभर भिजवली, सकाळी ओल्या फडक्यात बांधली आणि दर तीन तासांनी फडकं सोडून फोटो काढला. बशी तीच, मोबाइल टेकवायचा डबाही तोच, म्हणजे फोटोत मटकीशिवाय दुसरं काही बदलायला नको. एका स्लाइडवर एकच फोटो, खाली फक्त वेळ.

वर्गात फोटो एकामागून एक सरकू लागले. दाणे फुगले, टरफल फाटलं, पांढरं टोक डोकावलं. तिथं मी कीबोर्डवरचं 'बी' दाबलं. त्यानं पडदा काळा होतो. पुन्हा दाबलं की तीच स्लाइड परत येते. मला या सॉफ्टवेअरमधलं सगळ्यात आवडतं बटण हेच. पडदा विझला की पोरं माझ्याकडे बघतात, नाहीतर एकमेकांकडे.

"आधी काय बाहेर आलं? मूळ की खोड?"

बहुतेकांचं मत खोडाला. कोंब वरच जातो की! एक मुलगी मात्र हटेना. "बाई, आजीनं मोड आलेली मटकी कुंडीत टाकली होती. शेपटी मातीत गेली."

वाद पाच मिनिटं रंगला. मग पुन्हा 'बी' दाबलं आणि त्या पांढऱ्या टोकाला त्याचं नाव दिलं, आदिमूळ.

पुढच्या तीन स्लाइड राहूनच गेल्या. डब्यातली भिजवलेली मटकी मी बाकाबाकांवर वाटली. नखानं टरफल सोलायचं, दाण्याच्या दोन पाकळ्या हळूच उघडायच्या. खिडकीशी बसलेल्या मुलानं दाणा उजेडात धरला आणि ओरडला, "बाई, हिच्यात पानं आहेत! घडी घातलेली!"